रिले कोण चालवणार?

मुक्त सॉफ्टवेअरचं एखादं कॉलिंग ॲप माणूस पहिल्यांदा वापरून बघतो तेव्हा त्याला त्याचा परवाना दिसत नाही, कोड दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की रिंग वाजली, समोरच्याने फोन उचलला आणि पुढे काही ऐकूच आलं नाही. दोघंही ‘हॅलो, हॅलो’ करून कंटाळतात आणि एक जण मेसेज टाकतो: जाऊ दे, व्हॉट्सॲपवर कर. वसतिगृहाचं वायफाय, कंपनीचं नेटवर्क, रुग्णालयातलं पाहुण्यांसाठीचं नेटवर्क, हॉटेल, विमानतळ. जिथे जिथे नेटवर्क दुसऱ्याच्या ताब्यात असतं तिथे हे हमखास घडतं. आणि फोन करायची निकड माणसाला बहुतेक वेळा अशाच ठिकाणी असते.

ही तक्रार घेऊन गेलं की मुक्त सॉफ्टवेअरच्या गोटातून ठरलेलं उत्तर येतं: ॲपमध्ये काही खोट नाही, तुमचं नेटवर्कच धड नाही. तांत्रिकदृष्ट्या ते बहुधा खरंही असतं. पण त्याच नेटवर्कवर शेजारचा माणूस झूमवर निवांत बोलत असतो, तेव्हा या उत्तराला कोण किंमत देणार? अडवणाऱ्या नेटवर्कवरून कॉल लागणं ही जादा सोय नव्हे, कॉलिंग सॉफ्टवेअरचं ते पहिलं काम आहे. आणि आज ते अडलंय ते कोडपायी नाही. दोघांमध्ये बसून इकडचा आवाज तिकडे पोचवणारा रिले नावाचा एक सर्व्हर लागतो, तो चालवायची जबाबदारी कुणी घेत नाही, म्हणून अडलंय.

बिघाड नेमका कुठे होतो ते जवळून बघण्यासारखं आहे. इंटरनेटवरच्या कॉलचे दोन भाग असतात. पहिला बोलावण्याचा: कोण कुणाला फोन करतंय, उचलला की नाही, आवाज कोणत्या पद्धतीने पाठवायचा. जुनी-नवी अनेक मुक्त ॲप्स यासाठी ‘सिप’ नावाचा प्रोटोकॉल वापरतात. तो १९९९मध्ये आला आणि त्याचं आजचं रूप २००२च्या ‘आरएफसी ३२६१’ या दस्तऐवजात ठरलं. दुसरा भाग प्रत्यक्ष आवाजाचा. तो वेगळ्या वाटेने, छोट्या छोट्या पॅकेटांमधून, थेट या फोनकडून त्या फोनकडे जावा अशी कल्पना. बोलावणं सर्व्हरमार्फत, आवाज परस्पर. कागदावर ही रचना देखणी आहे. आवाजाला जवळची वाट मिळते आणि मधल्या सर्व्हरवर ओझं पडत नाही.

आता त्या बोलावण्यात काय लिहिलेलं असतं ते पाहा. त्यात एका ओळीत फोन सांगतो की माझ्यासाठीचा आवाज अमुक पत्त्यावर, अमुक पोर्टवर (म्हणजे त्या पत्त्यावरच्या अमुक क्रमांकाच्या दारावर) पाठव. फोन वायफायवर असला तर त्याला स्वतःचा जो पत्ता ठाऊक असतो तोच तो प्रामाणिकपणे लिहितो: १९२.१६८.१.७. खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी हा एक. जगातल्या असंख्य यंत्रांचा हाच पत्ता आहे आणि राउटरच्या बाहेर त्याला काडीचा अर्थ नाही. समोरचा फोन मात्र त्या पत्त्याकडे सेकंदाला ५० पॅकेटं पाठवत राहतो. ती कुठेच पोचत नाहीत. फार तर त्याच्याच घरातल्या प्रिंटरवर जाऊन आदळतात. एका बाजूचा पत्ता खरा आणि दुसरीचा असा खासगी असला, तर एकालाच ऐकू येतं.

याच्या मुळाशी पत्त्यांची टंचाई आहे. इंटरनेटच्या जुन्या रचनेत सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते होते. ते पुरणार नाहीत हे दिसायला लागल्यावर एका सार्वजनिक पत्त्याआड अनेक यंत्रं लपवायची ‘नॅट’ ही युक्ती १९९४मध्ये मांडली गेली, तीही तात्पुरता उपाय म्हणून. सिप लिहिलं जात होतं तेव्हा नॅट अस्तित्वात होतं, पसरतही होतं. तरीही सिपच्या कर्त्यांनी पाया धरला तो सगळी यंत्रं एकमेकांना थेट गाठू शकतात त्या आदर्श इंटरनेटचा. त्याची किंमत आपण अजून मोजतोय.

दुसरा नमुना तर अनेकांनी अनुभवला असेल. कॉल लागतो, बोलणं सुरू होतं आणि बरोबर ३२ सेकंदांनी तुटतो. नेटवर्क दुबळं असतं तर कॉल कधीही तुटला असता. दर वेळी ३२ला तुटतो म्हणजे कुणीतरी घड्याळ लावून बसलंय. फोन उचलल्याचं उत्तर मिळालं की बोलावणाऱ्याने पोचपावती द्यायची, असा सिपचा नियम आहे. चुकीच्या पत्त्यामुळे ती पावती पोचत नाही. उचलणारी बाजू तेच उत्तर पुन्हा पुन्हा पाठवते आणि ठरलेल्या अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट वाट बघून, कंटाळून, फोन ठेवते. त्यात काही राउटर मदतीच्या नावाखाली सिपचे संदेश उघडून आतले पत्ते परस्पर बदलतात, ते अर्धवट बदलतात आणि होता नव्हता तो कॉलही घालवतात. ‘सिप एएलजी’ नावाची ही सोय आधी बंद करा, हा या क्षेत्रातला सर्वांत जुना सल्ला असेल.

एक विरोधाभास सांगण्यासारखा आहे. सुरक्षित कॉलसाठी एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांची माहिती, आवाज दाबून छोटा करणाऱ्या वेगवेगळ्या कोडेकांची यादी, संभाव्य पत्ते असं सगळं बोलावण्यात भरलं की ते १३०० बाइटांच्या पुढे जातं. त्यापुढे यूडीपी (पॅकेट पोचलं की नाही हे न बघणारी पद्धत) सोडून टीसीपीने (पोचल्याची खात्री करणाऱ्या पद्धतीने) पाठवा, असं ‘आरएफसी ३२६१’ स्पष्ट सांगतो. जी ॲप्स तसं करत नाहीत त्यांच्या संदेशाचे वाटेत तुकडे होतात आणि कितीतरी राउटर असे तुकडे सरळ फेकून देतात. म्हणजे एन्क्रिप्शन चालू केलं की रिंगच वाजत नाही, आणि बंद केलं की वाजते. मग वापरणारा काय करेल ते सांगायला नको.

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट २००३मध्ये स्काइप आलं. त्यामागच्या मंडळींनी आधी काझा हे फायली वाटण्याचं सॉफ्टवेअर केलं होतं, त्यामुळे अडवणारी नेटवर्क त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. स्काइपने कुठलाच प्रोटोकॉल पवित्र मानला नाही. यूडीपी चाललं तर यूडीपी, नाही तर टीसीपी, तेही अडलं तर ८० आणि ४४३ ही वेबसाठीची पोर्टं. थेट जोडणी जमत नसेल तर तिसऱ्याच कुणाच्या संगणकामार्फत आवाज वळवायचा. आपल्या यंत्रावरून परक्यांची संभाषणं जातायत याची त्या तिसऱ्याला गंधवार्ताही नसायची. मला ही रीत तेव्हाही पटली नव्हती. पण लोकांचा फोन लागत होता. मुक्त बाजूला लिनफोन २००१पासून होता, आज जित्सी म्हणून ओळखला जाणारा प्रकल्पही २००३मध्येच सुरू झाला. स्काइपला मुक्त पर्याय हवा, असं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने आपल्या तातडीच्या कामांच्या यादीत लिहून ठेवलं होतं. यादीत लिहिल्याने फोन लागत नाही.

स्काइपचं पुढे काय झालं तेही विसरू नये. ऑगस्ट २००७मध्ये ती सेवा जवळपास दोन दिवस कोलमडली. विंडोजच्या अपडेटनंतर जगभरचे संगणक एकदम पुन्हा सुरू झाले आणि ज्यांच्या जिवावर हा डोलारा उभा होता ती यंत्रंच एका वेळी जाग्यावर नव्हती. पुढे मायक्रोसॉफ्टने कंपनी घेतली आणि मधल्या यंत्रांचं काम स्वतःच्या सर्व्हरवर हलवलं. ५ मे २०२५ला स्काइप बंदच झालं. न विचारता उसने घेतलेले रिले फार काळ टिकत नाहीत. शेवटी कुणाला तरी सर्व्हर लावावेच लागतात आणि त्यांचं बिल भरावंच लागतं.

तांत्रिक प्रश्न मात्र आता सुटलेला आहे आणि तो उघड्या मानकांनी सोडवलाय. ‘स्टन’ सर्व्हर फोनला सांगतो की बाहेरून तुझा पत्ता असा दिसतो. ‘टर्न’ सर्व्हर म्हणजेच रिले: दोन्ही बाजू आपणहून त्याच्याकडे जोडून घेतात आणि तो इकडचा आवाज तिकडे देतो. ‘आइस’ ही पद्धत शक्य त्या सगळ्या वाटा तपासून चालणाऱ्यांपैकी चांगली निवडते. टर्न आणि आइस दोन्ही २०१०मध्ये मानक झाली. गूगलने २०११मध्ये वेबआरटीसीचा कोड खुला केला आणि हे सगळं ब्राउझरमध्ये आलं. आवाजासाठी ओपस हा उत्तम मुक्त कोडेक २०१२पासून आहे. रिले चालवायचं सॉफ्टवेअरसुद्धा मुक्त आहे. कोटर्न कुणीही उतरवून लावू शकतो. आपल्याकडे नाही असं यात काहीच नाही.

तरी फोन का लागत नाही? एखाद्या मुक्त सिप ॲपची सेटिंग उघडून पाहा. स्टनच्या रकान्यात बहुधा एक सर्व्हर आधीच लिहिलेला असतो. टर्नचा रकाना रिकामा असतो: सर्व्हर, वापरकर्ता, पासवर्ड. या तीन रिकाम्या चौकटींत सगळी गोम आहे. स्टनला फुकट वाटणं सोपं आहे, कारण त्याचं काम एक इवलंसं पॅकेट घेऊन दुसरं परत देण्यापुरतं. टर्नमधून सगळा कॉल जातो, म्हणून तो कुणी देत नाही. आणि नेमकं अवघड नेटवर्कवर स्टन कुचकामी ठरतो. काही नॅट दर नव्या ठिकाणासाठी नवं पोर्ट देतात. तिथे स्टनला दिसलेलं पोर्ट समोरच्या फोनच्या उपयोगाचं नसतं. जिथे यूडीपीच बंद आहे तिथे तर स्टनचा नेहमीचा प्रश्नच बाहेर पडत नाही.

ही कुलपं कुणी लावली, हे विचारायला हवं. बहुतेक ठिकाणी खरं उत्तर आहे: कुणीच नाही. फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरची गाळणी, बसवणाऱ्याने तयार साचा घेतला. वेबची पोर्टं उघडी, वेबसाइटच्या नावांवरून पत्ते शोधण्याचं पोर्ट उघडं, बाकी सगळं बंद. इंटरनेटवरून बोलू द्यायचं की नाही, हा विषय कुठल्या बैठकीत निघालाच नाही. निघाला असता तर सगळ्यांत आधी झूम, मीट, टीम्स बंद झाले असते. ते चालतात, कारण यूडीपी अडलं की ते गुपचूप ४४३वर, टीएलएस या वेबच्या नेहमीच्या एन्क्रिप्शनच्या लिफाफ्यात जातात. म्हणजे त्या नेटवर्कचा खरा नियम ‘कॉल करू नका’ असा नाहीच. ‘ज्यांच्याकडे रिले आहेत त्यांच्यामार्फतच कॉल करा’ असा आहे. तो कुणी लिहिलेला नाही आणि म्हणूनच त्याच्याविरुद्ध कुणी तक्रारही करत नाही.

तेव्हा ४४३वरून टीएलएसने रिले गाठणं हे मुक्त ॲपमध्ये आपोआप घडायला हवं, वापरकर्त्याने चौकटी भरल्यावर नव्हे. यावर एक रास्त आक्षेप येतो: हे नेटवर्क चालवणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकणं नाही का? मला हा आक्षेप गंभीर वाटतो, म्हणून त्यातला फरक नीट मांडतो. टर्नची टीएलएस जोडणी सुरू होताना फोन अगदी पहिल्या संदेशात, उघड अक्षरांत, ‘मी टर्न बोलणार आहे’ असं सांगू शकतो. त्यासाठीची खूण ‘आरएफसी ७४४३’ने २०१५मध्ये ठरवून दिली आहे. नेटवर्कवाल्याला खरोखरच कॉल नको असतील तर तो ती खूण बघून अडवू शकतो. इथे निष्काळजीपणाने लागलेलं कुलूप बाजूला होतं आणि जाणूनबुजून लावलेलं शाबूत राहतं. आपण दुसराच कुणीतरी असल्याचं सोंग आणणं हा वेगळा खेळ आहे. तो ॲपने वापरणाऱ्याला न सांगता, आपणहून सुरू करू नये.

कारण काही ठिकाणी बंदी खरोखर ठरवून घातलेली असते. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेटवरून बोलायला परवानाधारक सेवाच चालतात. व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. तिथे बंदी ओलांडण्याचा धोका फोन करणाऱ्याच्या डोक्यावर असतो, ॲप लिहिणाऱ्याच्या नाही. कधी बंदीमागे निव्वळ धंदा असतो. अमेरिकेत मॅडिसन रिव्हर नावाच्या टेलिफोन कंपनीने आपल्या ग्राहकांना व्होनेजची इंटरनेट फोनसेवा वापरता येऊ नये म्हणून पोर्टं अडवली होती. २००५मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगापुढे तिला १५,००० डॉलर भरून माघार घ्यावी लागली. अशा वेळी लढायची जागा कायदा हीच. सरकारी किंवा धंदेवाईक मनाईचं उत्तर ॲपच्या सेटिंगमध्ये नसतं. पण या दोन्ही प्रकारांकडे बोट दाखवून हॉटेलच्या वायफायवर कॉल न लागणं खपवून घेणं, हे मला पळवाट काढल्यासारखं वाटतं.

टीसीपीवरून आवाज पाठवण्यात तोटा आहे, तो लपवायचं कारण नाही. बोलण्यात एखादं पॅकेट हरवलं तर ते सोडून पुढे जाणं बरं. ओपससारखा कोडेक ती फट बऱ्यापैकी झाकतो. टीसीपी मात्र हरवलेलं पॅकेट परत मागवून मिळेपर्यंत मागचं सगळं रोखून धरतं. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर संभाषण सहज चालतं आणि ४००च्या वर जाऊ नये, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन आहे. खराब वायफायवर टीसीपी ही मर्यादा ओलांडतं आणि दोघं एकमेकांच्या बोलण्यात घुसत राहतात. पण तुटक आवाज आणि शून्य आवाज यांत निवड करायची वेळ आली तर कुणीही तुटक निवडेल. शिवाय वेबचं नवं एचटीटीपी ३ हे यूडीपीवरच, ४४३ पोर्टवरून चालतं, त्यामुळे ते पोर्ट यूडीपीलाही हळूहळू उघडं होतंय. रिलेने ४४३वर दोन्ही दारं उघडी ठेवावीत.

आता पैशाचं बोलू. अंदाजपंचे हिशेब करण्यापेक्षा आकडे मांडून बघू. ओपसचा चांगला आवाज सेकंदाला ३२ किलोबिटांत बसतो. सेकंदाला ५० पॅकेटं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर किमान ४० बाइटांचा पत्त्यांचा मजकूर, म्हणजे आणखी १६. एका दिशेला ४८ किलोबिट. रिलेला दोन्ही दिशांचा आवाज बाहेर पाठवायचा, म्हणजे ९६. तासाला साधारण ४३ मेगाबाइट. टर्नचा आणि टीएलएसचा स्वतःचा मजकूर धरला तर ५० म्हणा. एक टेराबाइट बाहेर जाऊ देणाऱ्या सर्व्हरवरून २०,००० तासांचं बोलणं होतं. साध्यातला साधा भाड्याचा सर्व्हरसुद्धा महिन्याला एवढी वाहतूक देतो. शिवाय रिलेची गरज सगळ्याच कॉलना पडत नाही, ज्यांना थेट वाट मिळत नाही त्यांनाच पडते. व्हिडिओचं गणित निराळं: दीड मेगाबिटांचं चित्र दोन्हीकडे धरलं तर तासाला १.३५ गिगाबाइट जातात. म्हणून सगळ्यांसाठीचा रिले आधी फक्त आवाजापुरता द्यावा, असं माझं मत आहे. अडचणीत माणसाला बोलायचं असतं, चेहरा नंतर दिसला तरी चालतो.

मोठ्या प्रमाणावर हा आकडा कुठे जातो हे सिग्नल या मेसेजिंग ॲपच्या संस्थेने २०२३मध्ये उघडपणे सांगितलं. व्हॉइस आणि व्हिडिओ कॉलसाठी वर्षाला सुमारे २० पेटाबाइट वाहतूक आणि तेवढ्यासाठीच सुमारे १७ लाख डॉलर खर्च. अनोळखी माणसाचा कॉल असेल तर सिग्नल मुद्दाम रिलेवरूनच नेतं, म्हणजे समोरच्याला तुमचा आयपी पत्ता कळत नाही. सिग्नलचा कोड मुक्त आहे, पण त्यांनी नुसता कोड देऊन हात झटकले नाहीत. ज्या गोष्टीवर कॉल लागणं अवलंबून आहे तिचं बिलही ते भरतात. म्हणून ते लोकांच्या फोनमध्ये टिकलंय. यातला दुसरा पैलू मला खटकतो तो हा की सगळ्यांचे कॉल एका संस्थेच्या हाती राहतात आणि उद्या त्या संस्थेच्या देणग्या आटल्या की सगळ्यांचेच फोन बंद.

कॉल दोन टोकांमध्ये एन्क्रिप्ट केलेला असला की रिलेला आतलं बोलणं ऐकू येत नाही. पण कोणता पत्ता कोणत्या पत्त्याशी, केव्हा आणि किती वेळ बोलला हे त्याला दिसतं. ही माहिती एका जागी साठू नये, हेच अनेक छोट्या रिलेंच्या बाजूचं सर्वांत भक्कम कारण आहे. आणि हे छोटे रिले काही हवेतून आणायचे नाहीत. २०२०च्या महामारीत जगभरच्या विद्यापीठांनी जित्सी आणि बिगब्लूबटन या व्हिडिओ-वर्गांच्या मुक्त सॉफ्टवेअरचे स्वतःचे सर्व्हर उभे केले, त्यातल्या कित्येकांनी सोबत कोटर्नही लावलं. ते रिले आपापल्या वर्गांपुरते बंदिस्त आहेत. विद्यापीठांना आपसांत विश्वास वाटून घेण्याची सवयही आहे: २००३ला सुरू झालेल्या एज्युरोमवर एका विद्यापीठाचा विद्यार्थी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात स्वतःच्याच खात्याने वायफाय वापरतो, आणि तो आमचा आहे एवढी ग्वाही त्याची मूळ संस्था देते. याच रीतीने संस्थेने आपल्या माणसाला रिलेचा परवाना दिला तर त्याला तो कुठल्याही नेटवर्कवरून वापरता येईल. ईमेलचा सर्व्हर देतात, तसा हाही द्यावा. ग्रंथालयं, सहकारी इंटरनेट संस्था, लिनक्सची वितरणं यांनाही हे जमण्यासारखं आहे. डेबियन या लिनक्स वितरणाने आपल्या विकसकांना सिपचा पत्ता दिला तेव्हा सोबत टर्नही दिलं होतं.

सरसकट उघडा रिले ठेवता येणार नाही, हे मान्य. उघड्या रिलेमागे लपून लोक नको ते करतात, आणि नीट न लावलेला रिले बाहेरच्याला संस्थेच्या आतल्या यंत्रांपर्यंतही नेऊन सोडतो. पण यावरचे उपाय कोटर्नमध्येच आहेत: काही तासांत संपणारे पासवर्ड, प्रत्येक कॉलला वेगाची मर्यादा, खासगी पत्त्यांकडे जायला मनाई. वेग आवाजापुरता ठेवला की चोरून चित्रपट नेणाऱ्यालाही या रिलेचा उपयोग उरत नाही.

रिले हवा म्हटलं की काही जणांना तो तत्त्वाचा पराभव वाटतो. मध्ये कुणी नको, फोन थेट फोनशी बोलला पाहिजे, आयपीव्ही६ ही इंटरनेटच्या पत्त्यांची नवी, प्रशस्त रचना आली की आपोआप होईल, असा त्यांचा सूर असतो. आयपीव्ही६ने पत्त्यांची टंचाई जाईल, हे खरं. पण फायरवॉल पत्ते कमी पडले म्हणून लावत नाहीत. बाहेरून आलेलं, न मागितलेलं पॅकेट अडवायचं आणि ठरावीक पोर्टंच सोडायची, हा नियम आयपीव्ही६वरही तसाच राहतो. उलट, सर्व्हरविना चालण्याचा अभिमान बाळगणाऱ्या जामीकडे बघा. ग्नू प्रकल्पातलं हे ॲप माणसं शोधायला विखुरलेली यादी वापरतं, मध्यवर्ती खातं मागत नाही. आणि तरीही ते स्वतःचा टर्न सर्व्हर आधीच भरून देतं. त्यांनी तत्त्व सोडलं असं मला वाटत नाही. जमिनीवर काय चालतं ते त्यांनी पाहिलंय.

येणाऱ्या कॉलची रडकथा आणखी वेगळी. नॅट शांत पडलेली यूडीपीची वाट कित्येकदा अर्ध्या मिनिटात विसरतं, ती जागी ठेवावी तर फोनची बॅटरी जाते, आणि त्यावरचा उपाय म्हणून असलेली सूचनासेवा गूगल आणि ॲपलच्या हातात आहे. युनिफाइडपुशसारखे मुक्त प्रयत्न आहेत, त्यांच्याबद्दल स्वतंत्रपणेच लिहायला हवं.

रिले उभे राहीपर्यंत ॲप लिहिणाऱ्यांना आजच करता येण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. पहिली, खरं बोलणं. काही कंपन्यांची नेटवर्क स्वतःचं प्रमाणपत्र लावून टीएलएसचा लिफाफाही उघडून बघतात. तिथून कॉल जाणार नाही तर नाही. पण मग पडद्यावर ‘कॉल अयशस्वी’ असं मोघम न लिहिता ‘या नेटवर्कवर यूडीपी बंद आहे आणि रिले लावलेला नाही’ असं लिहा. वापरणाऱ्याला दहातले नऊ शब्द कळले नाहीत तरी तो ते कुणाला तरी दाखवू शकतो. शिवाय रिंग वाजवण्याआधीच आवाजाची वाट तपासता येते. नसेल तर रिंग वाजवून दोघांना ‘हॅलो, हॅलो’ करायला लावू नका.

दुसरी गोष्ट चाचणीची. बहुतेक विकसक आपलं ॲप स्वतःच्या घरच्या, मोकळ्या नेटवर्कवर तपासतात, तिथे ते चालतं, आणि आवृत्ती बाहेर पडते. एका लिनक्स यंत्रावर फायरवॉलचे दोन-चार नियम लिहून यूडीपी पूर्ण बंद आणि टीसीपी फक्त ४४३वर उघडं, असं नेटवर्क उभं करायला दुपारही लागत नाही. प्रत्येक आवृत्ती त्या नेटवर्कमधून एक कॉल करून दाखवल्याशिवाय बाहेर पडू नये, आणि तो कॉल ३२ सेकंदांच्या पुढे चालला पाहिजे. ज्यांना हे जमत नाही त्यांनी ॲपच्या वर्णनातून ‘कॉलिंग’ काढून ‘मेसेजिंग’ लिहावं.